लेप, ब्लुइंग आणि रंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पिस्तुलाच्या स्टील स्लाइडवर (फ्रेमवर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) सिरॅमिक लेप फवारून भट्टीत भाजला, तरी कडांना पापुद्रे सुटतात. लेपच निकृष्ट असेल का?

उत्तर: लेप क्वचितच निकृष्ट असतो, आत उरलेले तेल मात्र नेहमीचे. स्टीलवरचा जुना फॉस्फेटचा (गंजरोधक, सच्छिद्र) थर तेल पिऊन बसतो, तो नुसता पुसून साफ होत नाही. सगळे सुटे करून भाग ॲसिटोनमध्ये अर्धा तास बुडवा, वाळवा आणि लेप न लावताच सुमारे १५० अंश सेल्सियसला तासभर तापवा. पिनच्या भोकांतून तेल पाझरून डाग उमटला, तर पुन्हा ॲसिटोन, पुन्हा भट्टी. डाग थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग १०० ते १२० मेशच्या (कणांच्या बारीकपणाचे माप) ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग करा, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून पृष्ठभाग खरबरीत करा. काचेचे मणी नकोत: ते पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत करतात, लेपाला पकड मिळत नाही. यापुढे भाग हातमोज्यांनीच धरा आणि फवारणी त्याच दिवशी उरका. उघडे स्टील लगेच गंजायला लागते.

सेराकोट या सिरॅमिक लेपाच्या एच मालिकेत रंग आणि हार्डनरचे (लेप कडक करणाऱ्या द्रवाचे) नेहमीचे प्रमाण १८ : १. हार्डनर वाढवला की चकाकी वाढते, कमी केला की मॅट होते. थर २५ मायक्रॉनच्या आत ठेवा, नाहीतर स्लाइड फ्रेमवर अडकते. भाजणे १२० अंशांना दोन तास, पण घड्याळ लावायचे ते भाग तेवढा तापल्यावर. जाड नळीला पातळ पत्र्यापेक्षा बराच वेळ लागतो. अर्धवट भाजलेला लेप सॉल्व्हंटने मऊ पडतो. या भट्टीत पुन्हा अन्न शिजवू नये.

नळीची आतली बाजू, चेंबर (काडतूस बसते ती जागा), फायरिंग पिनची वाट आणि ट्रिगर व सिअर (घोडा अडवून धरणारा खटका) यांचे घासणारे पृष्ठभाग झाकून ठेवा. अनुक्रमांक ब्लास्टिंगने पुसट किंवा लेपाने बुजता कामा नये. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा ठरतो.

प्रश्न: वाळूच्या रंगाचा नायलॉनचा दस्ता हिरवा करायचा आहे. फवारावा की रंगात बुडवावा?

उत्तर: बुडवावा. डाय नायलॉनच्या पृष्ठभागात मुरतो, त्यामुळे पापुद्रा निघायचा प्रश्नच नाही. कृत्रिम धाग्यांसाठीचा डाय घ्या. पाणी ८० ते ९० अंश, खळखळ उकळी नको. स्प्रिंगा आणि धातूचे भाग आधी काढा, आणि दस्ता भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका, तिथे तो वाकतो. दर पाच मिनिटांनी बाहेर काढून बघा. मूळचा पिवळटपणा नव्या रंगात मिसळतो, म्हणून निळा डायही हिरवट दिसतो. आधी निरुपयोगी तुकड्यावर पाहा. गडदाचा फिका होत नाही, काळ्या दस्त्यावर तर काहीच चढत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर हा डाय धरणार नाही.

फवारायचेच असेल तर ब्लास्टिंगचा हवेचा दाब ३०-४० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठेवा आणि हवेत वाळणारा लेप निवडा. प्लास्टिक कोणते ते माहीत नसेल तर ॲसिटोन टाळा. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्यात खराब होतात.

प्रश्न: ॲल्युमिनियमचा रिसीव्हर (बंदुकीचा यंत्रणा सामावणारा मुख्य भाग) गरम ब्लुइंगच्या, म्हणजे स्टीलवर काळा-निळा थर चढवण्याच्या, बाथमध्ये चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. सुमारे १४० अंशांच्या त्या बाथमध्ये कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियम विरघळवतो आणि हायड्रोजन सुटतो. ॲल्युमिनियमला ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवणे) करा. कठीण ॲनोडायझिंगच्या ५० मायक्रॉन थरातला साधारण अर्धा बाहेर वाढतो, म्हणजे भोकाचा व्यास ५० मायक्रॉनने घटतो. पिना आधी तपासा. मऊ डागाने (सोल्डरने) जोडलेल्या दुनळी बंदुकीलाही हा बाथ वर्ज्य, कारण कॉस्टिक कथिल-शिशाचा डाग खातो आणि दोन नळ्यांमधली पट्टी सुटते. तिला संथ गंज-ब्लुइंग द्यावे: गंज चढवणे, पाण्यात उकळून काळा करणे, बारीक स्टील वुलने घासणे, आणि रंग भरेपर्यंत हीच फेरी पुन्हा.