जतच्या प्रशिक्षणाआधी

मिरज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जतच्या आशाताईंचं, म्हणजे आशा स्वयंसेविकांचं, प्रशिक्षण तुझ्याकडे आलं, वाचून बरं वाटलं. तयारीला एआय वापरू का, हे तू इतकं बिचकत का विचारलंस? खुशाल वापर. प्रश्नमंजूषा, वेळापत्रक, एकाच धड्याची सोपी आणि सविस्तर अशी दोन रूपं, एवढं त्याच्याकडून करून घेतलंस तर तुझी जागरणं वाचतील.

मला बोलायचंय ते तुझ्या सासूबद्दल. म्हणजे एआयला सासू करून ताईंकडून संवादाचा सराव घेण्याच्या तुझ्या बेताबद्दल. बेत झकास आहे, मी स्वतः करून पाहिला. ‘चिकाचं दूध पाजायचं नाही, मध चाटवायचा’ म्हणणारी ती सासू चार वाक्यांत विरघळते. ‘पटलं हो ताई, आता पाजते!’ असली सासू मला उभ्या जत तालुक्यात भेटलेली नाही. खरी सासू वाद घालतच नाही. ऐकून घेते, चहा ठेवते, विषय ऊसतोडीवर नेते आणि ताई उंबरा ओलांडून गेली की मध चाटवते. यंत्रापुढे जिंकलेली नवी ताई अशा घरात गांगरते आणि वर स्वतःलाच दोष देते. समोरच्याच्या हो ला हो म्हणायची खोड या यंत्रात मुळातच आहे. ‘लवकर पटवून घेऊ नकोस, टाळाटाळ कर’ असं बजावलंस तर थोडा फरक पडतो. पण त्यानंतर एका जुन्या, मुरलेल्या ताईला सासू म्हणून बसवच. वेळ कमी पडला म्हणून नेमका तोच तास कापशील, मला ठाऊक आहे.

आकड्यांच्या बाबतीत मी कडक आहे. सरकारी पुरवठ्यातली ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्याची, पण दुकानात दोनशे मिलीची छोटीही मिळते. एआयने दोन्हींची गल्लत करून ‘एक पुडी, एक ग्लास’ असं सुबक वाक्य दिलं आणि ते तसंच स्लाइडवर गेलं, तर मोठी पुडी ग्लासभर पाण्यात पडेल आणि जुलाब झालेल्या बाळाच्या अंगात मीठ धोक्याइतकं वाढेल. नवजात बाळाच्या घरभेटींचंही तेच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर भेटी सहा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. यातला एखादा दिवस गळला तर वाचताना कुणाच्या लक्षातही येणार नाही. एका ताईमागे साधारण हजार लोकवस्ती असते. वर्गात तीस ताई धर, म्हणजे तुझी एक चूक तीस हजार माणसांच्या दारात. म्हणून प्रत्येक आकडा छापील मॉड्यूल, म्हणजे प्रशिक्षणाची पुस्तिका, उघडून स्वतःच्या डोळ्यांनी ताड. ‘हे बरोबर आहे ना?’ असं एआयलाच विचारू नकोस. ते हो म्हणेल, शिवाय आधाराला कधीच न लिहिला गेलेला शोधनिबंधही काढून देईल.

वर्गात चर्चेला खऱ्या घटना हव्यात म्हणतेस. मग नाव गाळून भागत नाही. ‘संखजवळची वाडी, तिसरी मुलगी, नवरा ऊसतोडीला’ एवढं वाचून वाडीतलं पोरसुद्धा घर दाखवेल. वय, गाव, मुलांची संख्या सगळं बदल, आणि ते एआयला देण्याआधी बदल, नंतर नव्हे. एचआयव्हीची घटना असेल तर जास्तच जप. २०१७च्या कायद्याने त्या माणसाची ओळख गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३चा. आरोग्यातल्या एआयसाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, मार्गदर्शक तत्त्वंही त्याच वर्षीची. भाषा रुक्ष आहे, तरी नजरेखालून घाल.

ताईंचं बोलणं रेकॉर्ड करून ॲपकडून गुण देण्याची सूचना मात्र मला अजिबात पटली नाही. उमदीकडच्या ताई कानडीत सुरू करून मराठीत संपवतात, आणि लोकांना तेच कळतं. त्या बोलण्याला यंत्र कशाच्या आधारावर गुण देणार? ज्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे, त्या ‘रेकॉर्डिंग नको’ असं तुझ्या तोंडावर म्हणतील का? त्यांच्या गप्प बसण्याला संमती समजू नकोस. सरावापुरतं, ज्या ताईला हवं तिने स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करावं, ऐकावं, पुसून टाकावं. गुण कागदावर चढणार असतील तर ते तू दे, आणि कमी का दिले तेही तिला समोर बसवून सांग.

कुठली स्लाइड, कुठलं चित्र एआयने केलंय, ते पहिल्याच दिवशी उघड सांग. आणि अर्धा तास राखून ठेव: मुद्दाम चुका पेरलेलं एक पान ताईंच्या हातात दे आणि मॉड्यूलशी ताडून त्या शोधायला लाव. व्हॉट्सॲपवरचे रामबाण उपाय खोडून काढण्यात त्यांची हयात गेली आहे, त्या तुझ्यापेक्षा लवकर पकडतील.

स्लाइड छपाईला जाण्याआधी मला पाठव. ओआरएसची आधी.

तुझ्या,
मॅडम