आजीच्या नावाचे डॉट कॉम दुसऱ्याकडे. डॉट इन घ्यावे का?

अमळनेर येथील एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे: "आमच्या घरी काळा मसाला व लाल तिखट तयार होते. आजीच्या नावाने 2013 पासून अमळनेर, चोपडा व जळगाव येथील दुकानांना आम्ही माल देतो. अन्न परवाना आईच्या नावाने आहे. ट्रेडमार्कची नोंदणी केलेली नाही. संकेतस्थळ काढायला गेलो, तर त्याच नावाचे डॉट कॉम दुसऱ्या शहरातील एक मसाला व्यापारी 2021 पासून चालवत असल्याचे दिसले. डॉट इन मोकळे आहे. ते घेतले तर तो आमच्यावर दावा करील का? शिवाय संकेतस्थळ तयार करणारा मुलगा म्हणतो की सोयीसाठी डोमेन माझ्याच नावाने घेतो. तसे चालेल का?"

सप्रेम नमस्कार.

डॉट इन मोकळे दिसते, याचा अर्थ ते नाव वापरण्याचा हक्क आपणास मिळाला असा होत नाही. डॉट इनचे व्यवस्थापन नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था करते आणि नाव प्रथम मागेल त्याला दिले जाते. त्या नावावर कायद्याने कोणाचा अधिकार आहे, याची तपासणी नोंदणीच्या वेळी होत नाही. दोन नावांची तुलना करताना शेवटच्या शेपटाला फारसे महत्त्वही दिले जात नाही. त्यामुळे डॉट कॉमऐवजी डॉट इन घेतले, मध्ये आडवी रेघ टाकली किंवा आजीच्या नावातला दीर्घ 'आ' रोमन लिपीत एकाऐवजी दोन अक्षरांनी लिहिला, तरी उच्चार व माल तेच राहतात आणि वादही तोच राहतो.

भारतात डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या प्रकरणात स्पष्ट केले की डोमेन नाव हा केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हाचे गुणधर्म असतात. म्हणून स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्यास प्रतिबंध करणारे तत्त्व त्यालाही लागू होते. आपल्या प्रकरणातही खरा प्रश्न डोमेन आधी कोणी घेतले हा नसून त्या नावाने मसाला आधी कोणी विकला हा आहे.

येथे ट्रेडमार्क अधिनियम, 1999 चे कलम 34 आपल्या उपयोगाचे आहे. समोरच्याने चिन्ह नोंदवले असले, तरी त्याचा पहिला वापर आणि त्याची नोंदणी यांपैकी जी तारीख आधीची असेल, तिच्याही आधीपासून जो ते नाव अखंड वापरत आहे, त्याला नोंदणीचा मालक अडवू शकत नाही. मात्र 2021 हे त्याच्या संकेतस्थळाचे वर्ष आहे, त्याच्या धंद्याचे असेलच असे नाही. त्याची दुकानातील विक्री 2013 पूर्वीची निघाली, तर बाजू पूर्णपणे पालटते. म्हणून सर्वप्रथम ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर वर्ग 30 मध्ये, ज्यात मसाले येतात, त्या नावाचा शोध घ्या. हा शोध विनामूल्य आहे आणि त्याचा अर्ज सापडल्यास तो कोणत्या तारखेपासून वापर सांगतो, हेही तेथे दिसते.

आपला 2013 पासूनचा वापर कागदावर उभा करावा लागेल. दुकानदारांना दिलेली बिले, पाकिटे छापणाऱ्याची पावती, अन्न परवाना, नंदुरबारच्या बाजारातून घेतलेल्या मिरचीच्या पावत्या, जुन्या पाकिटांची छायाचित्रे असे सर्व गोळा करा. यांतील मिरचीच्या पावत्या फक्त धंदा चालू होता एवढेच दाखवतात; नावाचा वापर दाखवणारा कागद म्हणजे ज्यावर आजीचे नाव व तारीख दोन्ही आहेत असा. खान्देशातील घरगुती धंद्यांत बराच व्यवहार वहीवर आणि विश्वासावर चालतो, हे मी जाणतो. म्हणूनच चोपड्यातील किंवा जळगावातील जुन्या दुकानदारांच्या वह्यांतही आपल्या मालाची नोंद सापडते का, हे अवश्य पाहा.

'खान्देशी मसाले' हे शब्द मात्र प्रदेश आणि माल सांगणारे असल्याने त्यांवर एकट्याचा हक्क मागता येणार नाही. आपले जे काही आहे ते आजीच्या नावात आहे. कागद पुरेसे असतील, तर ते नाव आईंच्या नावाने वर्ग 30 मध्ये नोंदणीस द्या. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास शुल्क प्रत्येक वर्गास 4,500 रुपये आहे. 2013 पासूनचा वापर सांगायचा असल्याने सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागेल. अर्ज स्वीकारला जाऊन ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत त्या व्यापाऱ्यास विरोध करता येतो, याची तयारी ठेवा. आपणही स्वस्थ बसू नये, कारण नंतरच्या नोंदणीकृत चिन्हाचा वापर माहीत असूनही सलग पाच वर्षे मूक संमती दिल्यास कलम 33 प्रमाणे पूर्वीचा मालकही हरकत घेण्याचा हक्क गमावतो.

डॉट इनबाबत तक्रार झाली, तर ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंजच्याच तंटा निवारण धोरणानुसार लवादापुढे जाते. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव स्वतःच्या चिन्हाशी फसवे साम्य असणारे आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हितसंबंध नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवले अथवा वापरले आहे. डॉट कॉमच्या जागतिक धोरणात या 'अथवा'च्या जागी 'आणि' आहे, म्हणून त्या व्यापाऱ्याचे डॉट कॉम तक्रार करून मिळवणे आपणास अधिक कठीण आहे. तो खरोखर मसाला विकत असेल, तर त्या मार्गाचा आग्रह मी धरणार नाही. आपल्या बाजूने 2013 पासूनचा प्रामाणिक व्यापार हाच न्याय्य हितसंबंधाचा सबळ पुरावा ठरेल. म्हणून शोधात त्याचा वापर 2013 नंतरचा आढळला, तर डॉट इन घेण्यास माझी हरकत नाही. देवनागरीतील डॉट भारतही त्याच वेळी घेऊन ठेवावे, म्हणजे आजीचे नाव मराठीत लिहून शोधणाऱ्यासही आपणच सापडाल. शोधात त्याचा वापर आधीचा निघाला, तर मात्र संकेतस्थळासाठी नवे नावच निवडा. आजीच्या नावावर वर्षभराचा खर्च झाल्यानंतर ते सोडणे फार जड जाईल.

आता त्या मुलाविषयी. तो भला असेल, परंतु डोमेनच्या नोंदीत ज्याचे नाव, त्याच्याच हाती ते राहते; पुढे मतभेद झाले किंवा तो पुण्याला निघून गेला, तर स्वतःच्याच आजीच्या नावासाठी आपणास तक्रार करत फिरावे लागेल. त्यामुळे धारक म्हणून आईंचे नाव, त्यांचाच मोबाइल आणि धंद्याचा ईमेल द्या, आणि खात्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवा. आपले किंवा बहिणीचे नाव घालण्याचा मोहही टाळा. परवाना आईंचा, डोमेन बहिणीचे आणि ट्रेडमार्क आपला अशी फाटाफूट झाली, तर अखंड वापराची साखळी तुटल्याचा युक्तिवाद समोरच्याला आयताच मिळतो, आणि भाऊबंदकीत वाद निघाल्यास तो याहून अवघड होतो. मुलाचा मेहनताना ठरवताना एका साध्या कागदावर, डोमेन व संकेतस्थळातील सर्व मजकूर आईंच्या मालकीचा राहील, असे लिहून त्याची सही घ्या.

शोधाचा निकाल हाती येईपर्यंत त्या व्यापाऱ्यास पत्र किंवा फोन करू नका, आणि डॉट कॉम विकत घेण्याचा प्रस्ताव तर मुळीच पाठवू नका. नाव त्याचे असल्याचे आपण मान्य केले, असा अर्थ त्या पत्रातून पुढे काढला जाऊ शकतो.