वाचकांचे प्रश्न: नायलॉनच्या तारांची पिकअपवाली गिटार घ्यायचीय, बजेट कमी आहे

या वेळच्या पत्रांमध्ये नायलॉनच्या तारांच्या पिकअपवाल्या, म्हणजे आवाज उचलून स्पीकरकडे पाठवणारा भाग बसवलेल्या, गिटारबद्दलच जास्त विचारलंय, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात आणि हे सगळे आत्ता एकत्रच घेते.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बरीच वर्षं स्टीलच्या तारांची गिटार वाजवतोय, भावगीतांच्या कार्यक्रमात साथीला असतो. आता क्लासिकल नीट शिकायचंय, नायलॉनचा आवाज फार आवडतो. पण स्टेजवर तबला आणि पेटी सुरू झाली की नायलॉनवाली ऐकूच येणार नाही असं सगळे म्हणतात, म्हणून पिकअपवाली हवीय. बजेट वीस हजार, ओढूनताणून बावीस. ऑनलाइन तर सहा-सात हजारातसुद्धा पिकअप, ट्यूनर, बॅग सगळं धरून मिळतेय. तीच घेऊ का?
एक वाचक, नाशिक

उत्तर: ती घेऊ नका. आधी हे सांगून टाकते, कारण मग सांगते. सहा-सात हजारात पिकअप, प्रीॲम्प (पिकअपचा सिग्नल वाढवणारं यंत्र), ट्यूनर, बॅग, पट्टा एवढं सगळं द्यायचं म्हणजे त्याचे पैसे कुठून तरी निघणार, आणि ते लाकडातून, नेकमधून आणि फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवण्याच्या कामातूनच निघतात. पिकअप नंतर कधीही बसवता येतो, बदलता येतो, पण ब्रिज (वरच्या फळीवर तारा बांधायचा लाकडी तुकडा) चुकीच्या जागी चिकटवला असेल तर ती गिटार कधीच सुरात वाजत नाही, वरचे फ्रेट वाजवले की बेसूर होते आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. आणि नेकचं म्हणाल तर बहुतेक क्लासिकल गिटारींच्या नेकमध्ये ट्रस रॉड (आतली लोखंडी सळई) नसतो, म्हणजे स्टीलवालीचा नेक वाकला तर चावी फिरवून थोडा सरळ करता येतो तसं इथे करता येत नाही, वाकला की वाकला. म्हणून गिटार आधी आणि पिकअप नंतर, या क्रमानेच पैसे लावायचे.

आता पिकअपचं बघू. इलेक्ट्रिक गिटारवर जो चुंबकाचा पिकअप असतो तो नायलॉनला चालतच नाही, कारण त्याला लोखंडी तार लागते. म्हणून नायलॉनवालीत ब्रिजवर तारा जिथे टेकतात त्या सॅडलखाली पिझोची बारीक पट्टी असते, तार थरथरली की सॅडलचा दाब त्या पट्टीवर कमीजास्त होतो आणि त्याचा सिग्नल बनतो. हा सिग्नल फार नाजूक असतो, थेट मिक्सरला दिला तर चिरका आणि पोकळ ऐकू येतो, म्हणून गिटारच्या बाजूला कापून प्रीॲम्प बसवलेला असतो, त्यातच ट्यूनर आणि बास-ट्रेबलची बटणं असतात आणि तो बहुतेक वेळा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. पण तो कितीही चांगला असला तरी पिझोला ऐकू येतो तो सॅडलवरचा दाब, तुमच्या गिटारच्या पोटातून खोलीत येणारा गोड आवाज त्याला फारसा कळत नाही. त्यामुळे साध्या वाजवल्या तर जमीन-अस्मानाचा फरक असलेल्या दोन गिटारी केबल लावली की बऱ्याच जवळ येतात.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे सॉलिड टॉपचा प्रश्न. दुकानात सगळे सांगतील की वरची फळी सॉलिड हवी, म्हणजे एकाच लाकडाची, प्लायसारखी थरांची नको. ते खरंच आहे, सॉलिड स्प्रूस किंवा सीडरचा आवाज मोकळा असतो आणि वर्षानुवर्षं वाजवून आणखी खुलतो. पण तुमचं अर्धं वाजवणं स्टेजवर आहे आणि बजेट वीस हजार आहे, तर थरांच्या लाकडाची नीट बनवलेली गिटार ही काही कमीपणाची गोष्ट नाही. ती स्पीकरसमोर कमी घुमते आणि आपला पावसाळा जास्त सहन करते. ढिसाळ बनवलेल्या सॉलिड टॉपपेक्षा मी तीच घेईन.

रुंदीचा विचार मात्र नक्की करा, कारण तुम्ही स्टीलवरून येताय. स्टीलवालीचा नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकवणारी पट्टी) साधारण ४३ मिमी रुंद असतो, क्लासिकलचा ५२ मिमी, आणि फिंगरबोर्ड सपाट. पहिले काही आठवडे डावा हात दुखेल, बार कॉर्ड लागणार नाहीत, असं होतंच. यातून सुटका म्हणून मधल्या मापाच्या गिटारीही असतात, आयबानेझच्या जीए५टीसीईचा नट ४६ मिमी आहे, यामाहाच्या एनटीएक्स१चा ४८, त्या पोटाला पातळ असतात आणि स्टीलवाल्यांच्या हाताला लगेच बसतात. तुम्हाला फक्त साथ करायची असती तर मी हेच सुचवलं असतं. पण तुम्ही लिहिलंय की क्लासिकल नीट शिकायचंय, आणि त्यात उजव्या हाताची बोटं तारांच्या मधे सुटी फिरायला हवीत, डाव्या हाताला दोन सूर धरून तिसरा सोडायला जागा हवी, ते ४६ वर कोंबल्यासारखं होतं. ५२ च घ्या, तारेची लांबी ६५० मिमी, हे मोठ्यांचं ठरलेलं माप आहे. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेसने जो घाट बसवला तोच थोड्याफार फरकाने आजही चालतो आणि शिकवायचे धडेही त्याच मापाला धरून लिहिलेले असतात.

नावंच हवी असतील तर यामाहाची सी४० ही नवशिक्यांना सगळीकडे दिली जाते आणि बरोबर दिली जाते, सीएक्स४० म्हणजे तीच गिटार पिकअप आणि प्रीॲम्प लावलेली. थरांचा स्प्रूस, ५२ चा नट, ६५० ची तार. तुमच्या पत्राला माझं उत्तर ही सीएक्स४०, तुमच्या बजेटच्या आसपास ती बसायला हवी. त्याच्या वर जायची तयारी झाली तर त्याच कंपनीची सीजीएक्स१२२एमसी सॉलिड सीडरची आणि १२२एमएस सॉलिड स्प्रूसची, किंवा कॉर्दोबाची सी५-सीई, पण या बावीस हजारात नव्या मिळतील अशी आशा ठेवू नका, जुनी कुणाकडे नीट ठेवलेली मिळाली तर बघा.

दुकानात गेलात की केबल लावायच्या आधी साधीच वाजवा. बॉक्सच्या टोकाकडून नेकवर नजर टाका, रेघ सरळ दिसायला हवी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, कुठे खरखर येते का बघा, याला पाच मिनिटं लागतात आणि दुकानदार कंटाळला तरी हे सोडायचं नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला फक्त बोट टेकवून) वाजवा आणि मग तिथेच दाबून वाजवा, दोन्ही सूर एकच यायला हवेत, फरक वाटला तर नवीन तारा लावायला सांगून परत बघा कारण दुकानातल्या तारा महिनोनमहिने लटकून मेलेल्या असतात. ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, बाराव्या फ्रेटवर बारक्या तारेची ३ मिमी आणि जाड तारेची ४ मिमी असेल तर उत्तम, खिशात छोटी पट्टी न्या. मग केबल लावा, ॲम्पचा रिव्हर्ब पूर्ण बंद करायला सांगा आणि सहाही तारा सारख्या जोराने छेडा. एखादी तार दबकी येत असेल तर बहुतेक वेळा सॅडलचा तळ सपाट नसतो आणि पट्टीवर सगळीकडे सारखा दाब पडत नाही. काम किरकोळ आहे पण ते विकत घ्यायच्या आधी दुकानदाराकडून करून घ्या. मुंबईला चक्कर होणार असेल तर धोबीतलावला फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, दोन-तीन गिटारी शेजारी ठेवून वाजवल्याशिवाय फरक कळत नाही.

आणि कार्यक्रम संपला की केबल काढून ठेवा, केबल आत असली की प्रीॲम्प चालूच राहतो आणि बॅटरी संपते. एक नवी बॅटरी बॅगेत कायम हवी.

प्रश्न: माझ्याकडे साधी नायलॉनवाली आहे. तिलाच स्टीलच्या तारा लावल्या तर आवाज मोठा येईल ना? मग पिकअपचा खर्च वाचेल.
एक वाचक, सांगली

उत्तर: लावू नका, कृपा करून लावू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण ४० किलोच्या आत-बाहेर असतो, स्टीलच्या लाइट सेटचाही ७० च्या वर जातो. क्लासिकलची वरची फळी आणि तिच्या आतल्या पट्ट्या त्या कमी ताणाच्या हिशोबानेच बारीक ठेवलेल्या असतात. ब्रिज उखडेल, नाहीतर फळी फुगेल, आणि हे एका रात्रीतही होऊ शकतं.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षेची तयारी सुरू करायचीय. दुकानदार म्हणतो पिकअपवालीच घ्या, मोठी झाल्यावर उपयोगी पडेल, शाळेच्या गॅदरिंगलाही चालेल. तिच्या सरांनी फक्त ‘क्लासिकल आणा’ एवढंच सांगितलंय.
एक आई, ठाणे

उत्तर: पिकअप नको. परीक्षकासमोर ती गिटार साधीच वाजवायची असते, आणि या वयात तिला सगळ्यात जास्त गरज आहे ती बोटाने चांगला आवाज कसा काढायचा हे कानाने शिकण्याची, त्यात बटणांचं काहीच काम नाही. शिवाय मोठी झाल्यावर उपयोगी पडणार नाही, कारण नऊ वर्षांच्या मुलीला पूर्ण मापाची गिटार मोठी होते, ती खांदा वर करून आणि मनगट मुरडून वाजवायला लागते आणि ती सवय पुढे सोडवायला खूप त्रास होतो. हात बघून अर्ध्या किंवा पाऊण मापाची घ्या, यामाहाच्या सीजीएस१०२ आणि सीजीएस१०३ या त्याच मापांच्या आहेत, दोन्ही तिच्या मांडीवर ठेवून बघा, पहिल्या फ्रेटपर्यंत हात ताण न देता पोचतो ती घ्यायची. वाचलेल्या पैशात पाय ठेवायचं फूटस्टूल आणि तारांचा एक जादा सेट. गॅदरिंगला समोर स्टँडवर माइक ठेवला की झालं, बारावा फ्रेट जिथे बॉक्सला मिळतो त्या बाजूला माइकचं तोंड करायचं, थेट भोकासमोर धरला तर नुसतं घुमतं.

प्रश्न: दादाची जुनी सी४० माझ्याकडे आलीय. तिला पिकअप लावून कॉलेजच्या फेस्टला वाजवायचंय. मित्र म्हणतो तापकीर गल्लीतून पिझो डिस्क आण आणि चिकटव. खरंच चालतं का?
एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: चालतं रे, आणि करून बघच. पिझोची डिस्क अगदी किरकोळ पैशात मिळते, तिला शिल्डवाली वायर आणि जॅक सोल्डर करायचा आणि दुहेरी टेपने आधी बाहेरूनच ब्रिजच्या आसपास दोन-चार ठिकाणी चिकटवून ऐकायचं. जागा अर्धा इंच हलली तरी आवाज बदलतो, त्यात तुझा कानही तयार होईल. आवडलेली जागा सापडली की आतल्या बाजूने लाव, कायमच्या गमने मात्र नको. पण एक गोष्ट, ही डिस्क थेट मिक्सरला दिलीस तर आवाज पातळ येईल, मधे एखादा साधा अकूस्टिक प्रीॲम्प हवा, ज्याचा इनपुट १ मेगाओमच्या आसपासचा असेल, नसेल तर ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) बघ, कॉलेजच्या साउंडवाल्याकडे बहुतेक असतोच. आणि तबल्यासारखी बॉडीवर थाप मारायची सवय असेल तर डिस्कवर ती थाप फार मोठी येते, तालमीतच बघून घे. सॅडलखालची पट्टी आणि बाजूला भोक पाडून बसवायचा प्रीॲम्प हे काम मात्र स्वतः करू नकोस, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच दे. सी४० ला भोक पाडायच्या आधी दादाला विचार.

प्रश्न: मी संध्याकाळी एका हॉटेलात वाजवतो, नायलॉनवाली पिकअपची गिटार आणि छोटा ॲम्प. आवाज थोडा वाढवला की जाड ‘घूं’ सुरू होतं, विशेषतः खालच्या एका सुरावर. पावसात तर जास्तच. गिटार बदलू का?
एक वाचक, फोंडा

उत्तर: बदलू नका, आधी हे करून बघा. गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, क्लासिकलमध्ये तो बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जाड ‘ई’ तारेच्या पहिल्या काही फ्रेटच्या टापूत. स्पीकरमधून नेमका तो सूर आला की पोट घुमायला लागतं, पिकअप ते उचलतो, स्पीकर परत तेच टाकतो आणि ‘घूं’ सुरू होतं. भोकाला रबराचं गोल झाकण मिळतं ते लावा, निम्मं काम तिथेच होतं. मग प्रीॲम्पवर फेज लिहिलेलं बटण असेल तर उलट करून ऐका, आणि नॉच (एकच सूर कमी करणारं बटण) असेल तर तो सूर सापडेपर्यंत हळूहळू फिरवा. काहीच नसेल तर बास थोडा उतरवा, छोट्या ॲम्पमधून तो खालचा आवाज तसाही नीट येत नाही. ॲम्प मागे ठेवून गिटार त्याच्या समोर येत असेल तर तो बाजूला, थोडा पुढे ठेवा.

पावसाचं म्हणाल तर लाकूड ओल पिऊन फुगतं, वरची फळी वर येते, ॲक्शन वाढते, सूर सारखा हलतो. गोव्यात जून ते सप्टेंबर हे असणारच. गिटार भिंतीला लटकवू नका, हार्ड केसमध्ये सिलिका जेलच्या मोठ्या पुड्यांसोबत ठेवा, केसमध्ये छोटा हायग्रोमीटर टाका आणि ओल ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा. पुड्या ओल्या झाल्या की बदला नाहीतर वाळवून परत वापरा. आणि हॉटेलात एसीच्या झोतासमोर बसत असाल तर खुर्ची हलवून घ्या, बाहेरची ओल आणि आतला कोरडा गारवा यात रोज ये-जा झाली की सॉलिड फळीला चीर जायची भीती असते.