वाचकांचे प्रश्न : फर सीलची शिकार थांबली, मग धोका कोणता?

प्रश्न : दांडेलीजवळ काळी नदीत आम्ही पाणमांजरे पाहिली. वर्गातील मुलांनी विचारले, की फर सील म्हणजे समुद्रातील पाणमांजरच का? तो कारवार-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर दिसतो का आणि कातड्यासाठी त्याची शिकार आजही होते का?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : दोन्ही प्राणी मांसभक्षी गणातले असले, तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. फर सील हा समुद्रसिंहाच्या कुळातला. त्याचे लहान कान बाहेर दिसतात आणि मागचे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चारी पायांनी चालतो. भारताच्या किनाऱ्यावर त्याची कोठेही वस्ती नाही.

पाणमांजराशी त्याचे साम्य आहे ते केसांचे. राठ केसांखालच्या दाट लवेत हवा अडकून राहते, त्यामुळे थंड पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. उत्तरेकडील फर सीलच्या १ चौरस सेंटीमीटर कातडीवर ४० हजारांहून अधिक केस असतात. माणसाच्या अख्ख्या डोक्यावर ते साधारण १ लाख असतात.

याच लवेसाठी त्याची बेसुमार कत्तल झाली. बेरिंग समुद्रातील प्रिबिलोफ बेटांच्या परिसरात खुल्या समुद्रात माद्या मारल्या जात आणि किनाऱ्यावरची त्यांची पिल्ले उपासमारीने मरत. अखेर १९११ साली अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी करार करून ही शिकार बंद केली. त्याच करारात सागरी पाणमांजरालाही संरक्षण मिळाले, हे मुलांना आवर्जून सांगावे. दक्षिण जॉर्जिया बेटावरचा अंटार्क्टिक फर सील तर विसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ नामशेष झाला होता. शिकार थांबल्यावर शतक संपेपर्यंत त्याची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. नामिबियात मात्र केप फर सीलची शिकार सरकारी परवानगीने अजूनही होते, आणि ती थांबावी असे मला मनापासून वाटते.

आज अंटार्क्टिक फर सीलची संख्या पुन्हा घटते आहे आणि तेथे मुख्य प्रश्न अन्नाचा आहे. पिल्लू साधारण आठवड्याचे झाले, की आई त्याला किनाऱ्यावर ठेवून काही दिवस समुद्रात क्रिल हे झिंग्यासारखे बारीक जीव खाण्यास जाते, परत येऊन आवाजावरून व वासावरून नेमके आपले पिल्लू ओळखते, एक-दोन दिवस दूध पाजते आणि पुन्हा निघते. हा क्रम सुमारे चार महिने चालतो. समुद्र तापून क्रिल दूर सरकले किंवा कमी झाले, तर तिची प्रत्येक फेरी लांबते, आणि तेवढे दिवस पिल्लाच्या पोटात काही जात नाही. म्हणूनच दक्षिण जॉर्जियाभोवती पिल्ले वाढवण्याच्या काळात क्रिलची मासेमारी बंद ठेवतात. ही बंदी अत्यंत आवश्यक आहे, परंतु तापणाऱ्या पाण्यावर तिचा इलाज चालत नाही.