पावश्याचं रेकॉर्डिंग मिळालं

अगं,

तुझा पावश्या ऐकला, तीनदा ऐकला. पेरते व्हा, पेरते व्हा इतकं स्वच्छ आलंय की मस्तच वाटलं, पण अ‍ॅप लावून मागचा सगळा आवाज पुसलास ना, ते नको करत जाऊस. त्यात पक्ष्याच्या आवाजातलं बारीक कामपण खरवडलं जातं, स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडून बघ, कडा तुटलेल्या दिसतील. आणि मागे अर्धवट टिवटिव राहिलीय, वटवट्या असावा बहुतेक, पण आता कोण सांगणार.

मूळ फाइल असेल तर तीच झेनो-कॅन्टोवर, म्हणजे पक्ष्यांच्या आवाजांच्या साइटवर, टाक. 2005 पासून जगभरातली हौशी माणसंच ती साइट भरतायत आणि अभ्यासक तिथूनच आवाज घेतात. आवाजावरून पक्षी ओळखणारं बर्डनेटसारखं अ‍ॅपसुद्धा असल्याच रेकॉर्डिंगवर शिकलंय, म्हणजे आपण अंदाजाने चुकीचं नाव ठोकलं तर मशीनही तेच शिकणार. नक्की माहीत नसेल तर तिथे मिस्टरी म्हणून टाकता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

फोनमध्ये वॅव्ह फॉरमॅट ठेव, त्यात आवाज दाबला जात नाही, आणि पक्षी थांबला की स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा, पक्षी दिसला की फक्त ऐकला, एवढं बोलून मगच बंद कर. हे मी कळकळीने सांगतोय कारण गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका माळावर मी दोन हिवाळे चंडोल रेकॉर्ड केले आणि बोललो काहीच नाही, नंतर फोन बदलताना सगळ्या फायलींवर एकच तारीख आली. त्या माळावर आता प्लॉट पडलेत. चंडोल तिथे होते हे मला माहितीय, पण कुठल्या महिन्यात, कुठल्या साली, काहीच दाखवता येत नाही. अजून टोचतं ते.

नांदूर मध्यमेश्वरला थंडीत जाशीलच, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ती, 2020 मध्ये जाहीर झालेली, चापडगावला पहाटे माइक घेतलेलं कुणीतरी भेटेलही. पण तुमच्या निफाडच्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालू असताना गाणारा दयाळ कोण रेकॉर्ड करणार? तू राहतेस तिथे, तूच कर. दर आठवड्याला एकच बांध, एकच वेळ, दहा मिनिटं, ब्लोअरसकट. बुलबुल, सातभाई, टिटवी, जे बोलेल ते.

आणि पक्षी जवळ यावा म्हणून स्पीकरवर त्याचाच आवाज कधीच लावू नकोस, विणीच्या दिवसात तर अजिबात नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो खाणंपिणं सोडून धावतो, घरटं तसंच उघडं पडतं. नाही आला जवळ तर लांबून घे, खरखर आली तरी चालेल.

रविवारी पहाटे साडेपाचला येतो, बांधावर थांब. मूळ फाइल तोवर डिलीट करू नकोस, त्या वटवट्याला परत ऐकायचंय मला.

— काका