जुनी मासिकं जमवायचीत? आधी हे वाच

अरे सुरुवातीलाच परदेशी वोगच्या मागे लागू नकोस, पैसे संपतील. आधी ठरव काय जमवणार, फॅशन असेल तर फेमिना (१९५९ पासूनची आहे), कलेचं वेड असेल तर मुंबईचं ‘मार्ग’ हे कलेचं नियतकालिक, १९४६ साली मुल्कराज आनंदांनी सुरू केलेलं, त्यातली छपाई बघत बसावी अशी. आणि चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं असलेले दिवाळी अंक, ते मात्र दिसले की घेऊनच टाक, घासाघीस नंतर शिक.

बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जा, पेठेतल्या रद्दीवाल्याशी पण ओळख ठेव. घेताना मधली पानं मोज, लोक फोटो कापून घेतात आणि जाहिरातींची पानं तर हमखास गायब, खरं तर त्या काळची साडीची, अत्तराची जाहिरात हीच मजा असते. पिना गंजल्यात का बघ, वास घे, कुबट असेल तर घरातल्या बाकीच्या अंकांनाही बुरशी लागेल.

लॅमिनेशन अजिबात नको. पीव्हीसीच्या पिशव्या पण नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या घे, आडवे ठेव, आणि पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल टाक, गुळगुळीत कागद ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात, मग सोडवायला गेलास की चित्रच निघून येतं.