चिपळ्यांचा आवाज बसला तर

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातल्या सागवानी चिपळ्यांच्या पितळी चकत्या हल्ली बद्द वाजतात. एका फळीला खिळ्यापाशी चीरही गेली आहे. नाथषष्ठीला पैठणला जायच्या आत दुरुस्त होतील का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : होतील. आधी खिळा काढून चकत्या मोकळ्या करा. त्या जोडीने बसवतात आणि खोलगट बाजू समोरासमोर हव्यात, म्हणजे कडेला कड भिडते. एकीत एक बसली की आवाज मेला! बहुतेक वेळा गोम इथेच असते. चकतीचं भोक खिळ्यापेक्षा चांगलं सैल हवं. खिळा ३ मिमीचा असेल तर भोक ५ मिमीचं. वाकलेली चकती सपाट लाकडावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच सरळ करा. काळपट थर चिंचेच्या कोळाने घासा, धुवा, पूर्ण कोरडं करा. चकत्यांना तेल नको, त्यावर धूळ आणि बुक्का चिकटतो. तेल लाकडाला, तेही जवसाचं, फडक्याने पातळ पुसून.

चीर बारीक असेल तर लाकूड चिकटवायचा डिंक आत जिरवा, सुतळीने आवळून २४ तास ठेवा. खिळा मात्र पुन्हा ठोकू नका. आधी गिरमिटाने फळीतलं भोक मोठं करा, मग खिळा सरकवा. भोक फळीच्या टोकाला फार जवळ असलं की लाकूड रेषेत उकलतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हमखास. चीर आरपार असेल तर नवी फळीच करून घ्या, शिसवाची मिळाली तर उत्तम.